कास्तकाराच्या घरी रोजचा खर्च कसा लिहावा (उधारीसकट)

‘महिन्याच्या पगाराचे तीन वाटे करा’ हा सल्ला आपल्या गावात कुचकामी आहे. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, कापसाचा त्यानंतर वेचा निघेल तसा, आणि खर्च मात्र बाराही महिने. आपलं वर्ष एका चुकाऱ्यापासून, म्हणजे विकलेल्या पिकाचे पैसे हाती येण्यापासून, पुढच्या चुकाऱ्यापर्यंत असतं. खर्चाची वहीही तशीच धरायची.

वही

साधी दोनशे पानी पुरे. डावं पान घराचं, उजवं वावराचं. गाडीचं पेट्रोल घरात धरा. फेरी निव्वळ वावरासाठी असेल तरच उजवीकडे. घरातली बाई बचत गटाचा हिशोब सांभाळत असेल तर वही तिच्याच हाती द्या. तिला रकाने शिकवावे लागत नाहीत.

रोख

सकाळी खिशात किती होते, रात्री किती उरले, मधला फरक तो खर्च. जेवण झालं की लिहून टाका. फोनवरून दिलेले पैसे ॲपच्या यादीतून उतरवा.

पानठेल्याचा रकाना मात्र वेगळा ठेवा, ‘किरकोळ’मध्ये दडवू नका. खर्रा (सुपारी-तंबाखूचा घोटा) ३० रुपयांचा धरला आणि दिवसाला दोन, तर वर्षाचे २१,९०० होतात. पीएम-किसानचे तीन हप्ते मिळून ६,००० येतात.

उधारी

बहुतेकांची वही इथंच बंद पडते. माझाही सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला, म्हणून नीट सांगतो.

उधारीचा खर्च पैसे देता त्या दिवशी लिहायचा नाही, माल घरी आला त्या दिवशी लिहायचा. ‘खिशातून गेले तेव्हाच खर्च’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका. तसं लिहिलं तर आषाढ-श्रावणात वही कोरी राहते, घर काटकसरीत चाललंय असं वाटतं, त्याच भरात पोळ्याला हात सैल सुटतो, आणि चुकारा हाती आला की एका दिवसात चार महिन्यांचा किराणा अंगावर येतो. तेव्हा काही कमी करायची सोय उरलेली नसते.

म्हणून दोन जागी लिहा. समजा ३४० रुपयांचं तेल-साखर उधारीवर आणलं. डाव्या पानावर ‘किराणा ३४० (उ)’. वहीच्या शेवटच्या पानांवर दुकानदाराच्या नावाचं खातं उघडा, तिथं ‘देणं ३४०’. पुढे पैसे दिले की फक्त शेवटच्या पानावर वजा करा. डाव्या पानाला तेव्हा हात लावायचा नाही, नाहीतर एकच तेल दोनदा मोजलं जातं.

दर आठवडी बाजाराला दुकानदाराच्या वहीशी आपलं खातं जुळवा आणि त्याच्या पानाचा फोटो काढून ठेवा. यात भांडण नाही, अविश्वासही नाही. फरक आठवड्यात सापडला तर दोघांनाही आठवतं कोण काय घेऊन गेलं. माघ महिन्यात कोणालाच आठवत नाही. पोराला पाठवून आणलेला माल घरच्या वहीत हटकून राहून जातो, तो याच जुळवणीत सापडतो.

आता व्याज. कृषी केंद्रातून २०,००० चं बी-खत जूनमध्ये उचललं आणि दरमहा शेकडा दोननं डिसेंबरात फेडलं, तर सहा महिन्यांचं व्याज २,४०० होतं. तेवढ्याच रकमेवर पीक कर्जाच्या ७ टक्क्यांनी सहा महिन्यांचे ७०० होतात. मुदतीत फेडलं तर केंद्र सरकारच्या सवलतीनं दर ४ टक्क्यांवर येतो, आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळाली तर शून्यावर. ही सोय ३ लाखांपर्यंत आहे. व्याज बियाण्याच्या किमतीत मिसळू नका, उजव्या पानावर त्याची वेगळी ओळ करा. दुकानदार व्याज वेगळं सांगत नसेल तर त्याच मालाचा रोखीचा भाव विचारा. दोन भावांतला फरक हेच व्याज. मार्चमध्ये पीक कर्ज भरायला कुरकुरणारा माणूस ही ओळ एकदा बघतो, तेव्हा आधी काय फेडायचं ते त्याला आपोआप कळतं.

मजुरी

निंदण, फवारणी, वेचाई: आठवड्याची मजुरी दिली त्याच दिवशी उजवीकडे.

वर्षाची बेरीज

शेवटचा चुकारा आला की फक्त डावं पान घ्या आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची बेरीज करा. घर चालवायला हातात रोख लागते ती नेमकी या दिवसांत, आणि ती नसते म्हणूनच उधारी होते. तेवढी रक्कम, नाहीच जमली तर निम्मी, बाकी कुठलाही खर्च करायच्या आधी वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्याला फोनवरचं पेमेंट जोडू नका. लग्नसराईत त्यातून काढायची वेळ आली तर तीही उधारीच समजा आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या नावानं देणं लिहा.