अनोळखी साप दिसला तर तो कोणता हे कसं ओळखावं?

उसाच्या फडात, कडब्याच्या गंजीखाली किंवा विहिरीच्या कठड्यावर कधी न पाहिलेला साप निघाला की गावात दोन तर्क हमखास ऐकू येतात. एक, ‘अजगराचं पिल्लू आहे.’ दुसरा, ‘हा आपल्याकडचा नाही, कुणीतरी बाहेरून आणून सोडलाय.’ पहिला तर्क जिवावर बेततो, कारण अजगराचं पिल्लू समजून माणूस हात घालतो आणि निघते घोणस. दुसरा क्वचितच खरा ठरतो. महाराष्ट्रात सापांच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि उभा जन्म शेतात गेलेल्या माणसालाही त्यातल्या मोजक्याच ठाऊक असतात. म्हणून सुरुवात अशी करा: साप इथलाच आहे असं धरा, आणि ओळख पटेपर्यंत तो विषारी आहे असंही धरा.

आधी अंतर, मग फोटो

मुलंबाळं आणि कुत्री मागे घ्या. स्वतः निदान अडीच-तीन मीटर लांब उभे राहा आणि सापाला निघून जायला एक बाजू मोकळी ठेवा. काठीनं डिवचू नका, शेपूट धरू नका. फोटो झूम करून काढा: एक अख्ख्या सापाचा, एक डोक्याचा बाजूनं, एक पाठीच्या मधल्या भागाचा, एक शेपटीचा. चारही जमले नाहीत तर पाठीचा सोडू नका, ओळख बहुधा तिथेच पटते. साप गेल्यावर त्याच जागी फूटपट्टी किंवा बाटली ठेवून आणखी एक फोटो घ्या. नाहीतर दोन फुटांचा साप सांगता सांगता सहा फुटांचा होतो. वेळ, जागा, आजूबाजूला पाणी होतं की झुडपं, साप काय करत होता, हे लगेच टिपून ठेवा.

डोक्याच्या आकारावर भरवसा नको

‘डोकं त्रिकोणी असलं की विषारी’ हे शाळेपासून कानावर पडतं आणि ते धोक्याचं आहे. नाग आणि मण्यार यांचं डोकं त्रिकोणी नसतं, तरी दोघेही जहाल विषारी. उलट बिनविषारी पाणदिवड चिडली की डोकं चपटं करते आणि त्रिकोणी डोक्याची वाटते. ‘डोळ्यातली बाहुली उभी असली की विषारी’ याचंही तेच, तशी बाहुली बिनविषारी अजगरालाही असते.

खवले आणि नक्षी वाचा

फोटो मोठा करून पाहा. सर्वांत जास्त घोळ होतो तो विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या या जोडीत. मण्यार काळी किंवा निळसर काळी, अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुतेकदा जोडीजोडीनं. हे पट्टे मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचं उलट: पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात, अंगाचा रंगही तपकिरीकडे झुकतो. तरीही शंका उरली तर पाठीच्या कण्यावरची खवल्यांची मधली ओळ बघा. मण्यारीत हे खवले शेजारच्यांपेक्षा स्पष्ट मोठे आणि षटकोनी असतात, कवड्यात सगळे सारखेच. पट्टे फसवतात, ही ओळ फसवत नाही.

दुसरा घोळ तिघांचा: घोणस, अजगर आणि डुरक्या घोणस. घोणशीच्या अंगावर गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी साखळीसारख्या जातात, खवले खरखरीत आणि डोक्यावरचेही बारीक. डिवचल्यावर ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. अजगराचे डाग वेडेवाकडे असतात, अंग तुकतुकीत आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण. नावात घोणस असली तरी डुरक्या बिनविषारी. तिची शेपूट आखूड आणि जाडसर, मान जवळजवळ नाहीच. हे बारकावे डोळ्यांत बसेपर्यंत यांतल्या कुणालाही घोणसच समजा.

ओळखीचा सापही अनोळखी दिसतो

पिल्लांचा रंग मोठ्यांपेक्षा वेगळा असू शकतो. धामणीच्या पिल्लाच्या अंगावर आडवे पट्टे असतात आणि त्याला भलतंच नाव मिळतं. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधी-निळसर होतात आणि रंग मळकट पडतो. आपल्याकडच्या सापांत जन्मतः रंगद्रव्य नसलेले पांढरट किंवा गुलाबी सापही निघतात. पांढरा नाग नागच असतो, विषासकट.

खरंच बाहेरचा असेल तर?

वरचं सगळं तपासूनही जुळत नसेल, तर गावात अलीकडे काय आलं ते विचारा. बांबू, लाकूड, भाजीपाला यांच्या ट्रकमधून साप शेकडो किलोमीटर प्रवास करतात. सह्याद्रीच्या दाट झाडीतला हिरवा, विषारी चापडा मराठवाड्यातल्या एखाद्या बांबूच्या वखारीत निघाला तर तो तिथे परकाच. कुंडीतल्या मातीतून आपल्याकडचा गांडुळाएवढा वाळा साप जगभर पोहोचला आहे. त्याची मादी नराशिवाय अंडी घालते, त्यामुळे एक वाळा पोहोचला तरी पुरे.

परदेशी पाळीव सापांत दोन नावं लक्षात ठेवा. बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर: जेमतेम चार-पाच फूट, जाडजूड, बारीक मान, गडद अंगावर फिकट तपकिरी गोलसर डाग. घाबरला की डोकं मधे घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो. कॉर्न स्नेक अमेरिकेतला: नारिंगी अंगावर काळ्या कडेचे लाल डाग आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. आपल्याकडचा तस्कर नावाचा साप त्याच्याशी गफलत करायला लावतो, पण तस्कराच्या मागच्या अंगावर लांबीनं जाणारे दोन गडद पट्टे असतात. पैदास केलेल्या सापांत पांढरे, पिवळे असे कितीतरी रंग निघतात, त्यामुळे इथेही रंगावर विसंबू नका. साप शांत आहे म्हणून पाळीव असेल, हाही पुरावा नव्हे. मण्यार दिवसा अशीच सुस्त पडून असते.

हे साप आपल्यापर्यंत येतात कसे, याचं उत्तर विमानतळावर मिळतं. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईत आलेल्या एका प्रवाशाकडे ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. हौस फिटली की असे साप रानात सोडले जातात, आणि त्याचे परिणाम स्पेनच्या ग्रान कनारिया बेटानं भोगले आहेत. तिथे पाळीव म्हणून आणलेले कॅलिफोर्नियाचे किंगस्नेक रानात पसरले आणि बेटावरचे सरडे बऱ्याच भागांतून संपले.

म्हणून परका वाटणारा साप पकडून दुसऱ्या शेतात सोडू नका आणि मारूही नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा. तो येईपर्यंत लांबून नजर ठेवा, कारण नजर हटली की साप कुठे गेला हे शोधण्यातच रात्र जाते. तुमच्याकडेच बॉल पायथन असेल तर २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते.

चावला असेल तर ओळख बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा, चावलेला अवयव हलू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका आणि सापामागे धावू नका. डॉक्टर लक्षणं पाहून उपचार ठरवतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष दिलं जातं. मण्यारीचा दंश बहुधा दुखतही नाही आणि खूणही कधी कधी दिसत नाही, तेव्हा ‘काही होत नाहीये’ म्हणून थांबू नका.

साप गेला आणि कात मिळाली तर

कात फेकू नका. ती ताणली जाते, म्हणून लांबीवर जाऊ नका. मधल्या भागात, पोटाच्या रुंद पट्ट्या सोडून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरप्या रेषेत खवले मोजा. मण्यारीत बहुधा १५ भरतात, कवड्यात १७, पाणदिवडीत १९, घोणशीत २७ ते ३३. बॉल पायथनमध्ये पन्नासच्या वर जातात.

फोटो आणि नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर जाणकार नाव सुचवतात आणि नोंद कायमची राहते. फक्त मांडूळ असेल तर नेमकं ठिकाण झाकून ठेवा. गुप्तधनाच्या आणि ‘दुतोंड्या’च्या अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी होते आणि गावाचं नाव तस्करांना पुरेसं असतं.