सिग्नल माळ्यावर, कॉम्प्युटर पडवीत: एकच इंटरनेट घरभर कसं वाटून घ्यावं

कोकणात खाडीकाठच्या किंवा डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत मोबाइलची रेंज घरभर सारखी नसते. माळ्यावरच्या खिडकीत फोर-जी नीट मिळतं, माजघरात जेमतेम एक काडी येते आणि स्वयंपाकघरात तीही जाते. मग सातबारा काढायचा असो, मुलांचा सीईटीचा फॉर्म भरायचा असो की आंब्याच्या ऑर्डरी बघायच्या असोत, प्रत्येक जण लॅपटॉप उचलून माळा चढतो. त्याची गरज नाही. इंटरनेट रेंज आहे तिथेच ठेवायचं आणि तिथून वाय-फायने घरभर वाटायचं.

ही युक्ती डायल-अपच्या काळापासूनची आहे. तेव्हा टेलिफोनच्या तारेला एकाच कॉम्प्युटरचा मोडेम जोडलेला असे आणि बाकीचे कॉम्प्युटर त्याच्यामार्फत इंटरनेट घेत. १९९९ साली आलेल्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये त्यासाठी 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' ही सोय आली, आणि ती आजच्या विंडोजमध्येही आहे. आता मोडेमचं काम फोन करतो, एवढाच फरक.

आधी जागा शोधा. त्यासाठी रेंजच्या काड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, दिसतो. तो उणे असतो: उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर तिथे वेळ घालवू नका. माळा, माडी, पडवी, खळं सगळीकडे फिरा आणि प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबून आकडा बघा. खिडकीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलं तरी फरक पडतो. फाइव्ह-जी येत-जात असेल तर फोनला फोर-जीवरच थांबवा. स्थिर कनेक्शन कधीही बरं.

त्या जागी एक लॅपटॉप ठेवा. डेस्कटॉप नको, कारण वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो. फोन डेटा केबलने त्याला जोडा आणि फोनच्या 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग'मध्ये 'यूएसबी टेदरिंग', म्हणजे फोनचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला द्यायची सोय, चालू करा. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने हा पर्याय फिकाच राहतो. फोनचा स्वतःचा हॉटस्पॉट का नको, असं कोणी विचारेल. दिवसभर हॉटस्पॉट चालवला की फोन तापतो आणि बॅटरी उतरते. यूएसबीवर तो चार्जही होत राहतो आणि लॅपटॉपचं वाय-फाय इतरांना वाटायला मोकळं राहतं.

आता लॅपटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मोबाइल हॉटस्पॉट असं जा. 'शेअर माय इंटरनेट कनेक्शन फ्रॉम'मध्ये इथरनेट निवडा, कारण यूएसबीने जोडलेला फोन विंडोजला इथरनेट, म्हणजे तारेची नेटवर्क जोडणी, म्हणूनच दिसतो. 'शेअर ओव्हर'मध्ये वाय-फाय. नाव आणि किमान आठ अक्षरांचा पासवर्ड द्या, बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा आणि खालचं पॉवर सेव्हिंग बंद करा, नाहीतर कोणी जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. लॅपटॉप झोपी जाणार नाही आणि झाकण मिटलं तरी चालू राहील, हेही पॉवरच्या सेटिंगमध्ये बघून घ्या. बाकीचे कॉम्प्युटर नेहमीच्या वाय-फायसारखे जोडायचे. आठ उपकरणांपर्यंत चालतात.

खरी अडचण पुढे येते, ती भिंतींची. जांभ्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात. पावसाळ्यात त्या पाणी शोषून ओल्या राहतात, आणि पाणी वाय-फायच्या लहरी गिळतं. म्हणून मे महिन्यात ओटीवर मिळणारं वाय-फाय जुलैत मिळेनासं झालं तर लॅपटॉपला दोष देऊ नका. ५ गिगाहर्ट्झचा बँड अशा भिंतींपुढे लवकर दम तोडतो, म्हणूनच २.४ सांगितला. लॅपटॉप भिंतीला चिकटवून न ठेवता दाराच्या किंवा जिन्याच्या रेषेत ठेवा, म्हणजे लहरींना चिऱ्यांऐवजी मोकळी वाट मिळते. पत्र्याच्या शेडपलीकडे मात्र काही पोचत नाही, तिथे तारच हवी.

तार अशी ओढायची: मोबाइल हॉटस्पॉट बंद करून 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये फोनच्या जोडणीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'शेअरिंग' टॅब, पहिल्या चौकोनात टिक आणि खाली लॅपटॉपचा लॅन पोर्ट (नेटवर्कची तार घालायचं भोक) निवडायचा. लॅपटॉप स्वतः १९२.१६८.१३७.१ हा नेटवर्कवरचा पत्ता घेतो. लॅन केबल पडवीतल्या जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात घाला, बाहेरचं इंटरनेट घेणाऱ्या वॅन पोर्टात नको, आणि त्या राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, कारण ते काम आता लॅपटॉप करतो. केबल १०० मीटरपर्यंत चालते. लॅपटॉप रीस्टार्ट झाला की हे शेअरिंग अनेकदा मान टाकतं. तेव्हा टिक काढून पुन्हा करायची.

आता डेटाची शिस्त, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बऱ्याच प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि डायल-अपचा मोडेम ५६ चा होता! त्या वेगाने एक एमबीची फाइल उतरायला दोन मिनिटांच्या वर लागतात. हे टाळायचं तर प्रत्येक कॉम्प्युटरवर त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे विंडोजचे बहुतेक अपडेट परस्पर उतरणार नाहीत. हे यजमान लॅपटॉपवरही त्या इथरनेट जोडणीला करायचं. तिथेच लोक विसरतात. फोटोंचं बॅकअप बंद, व्हिडिओ ४८० पिक्सेलवर. फॉर्म भरायची शेवटची तारीख असेल त्या दिवशी बाकीच्यांनी वाय-फाय सोडून द्यावं, हे घरात आधीच बोलून ठेवा.

विजा कडाडू लागल्या की चार्जर सॉकेटमधून काढा आणि घराबाहेरून ओढलेली लॅन केबल दोन्ही टोकांनी सोडवा. गणपतीत चाकरमानी आले की आठाची मर्यादा पहिल्याच संध्याकाळी भरते, त्यामुळे पाहुण्यांच्या फोनना त्यांचाच डेटा वापरू द्या आणि ते परतल्यावर पासवर्ड बदला.