परसातल्या तळ्याचे पाणमांजरापासून रक्षण : आधी करावयाची तयारी

मासे कमी होताहेत म्हणून लगेच पाणमांजरावर खापर फोडू नये. लहान मासे बगळेही उचलतात. काठावर ठरावीक जागी खवल्या-काट्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा वारंवार पडत असेल आणि चिखलात पाच बोटांचा, मधे पडदा असलेला ठसा उमटला असेल, तरच पुढचा खर्च करावा. भंडारा-गोंदियाकडे उन्हाळ्यात नाले आटले की हे जनावर पाणी टिकून असलेल्या जागा शोधते, म्हणून होळीपर्यंत काम उरकलेले बरे.

कुंपणाला लोखंडी जाळी घ्यावी. तिची भोके पाच सेंटिमीटरहून मोठी नसावीत, उंची दीड मीटर असावी, आणि पाणमांजर माती उकरते म्हणून खालची कड हातभर पुरून बाहेरच्या अंगाला वळवावी. फाटकाखाली फट नको.

आता सांडव्याचा पाइप. कुंपण चहूबाजूंनी पक्के असूनही गेल्या वेळी आमचे रोहू-कटला गेले ते याच वाटेने : नऊ इंची सिमेंटच्या पाइपाच्या आतले शेवाळ मधोमध घासून निघाले होते आणि तोंडाशी खवले चिकटले होते. त्यामुळे पाइपाला जाळी बसवावी, दोन्ही तोंडांना बसवावी, आणि ती तारेने बांधलेली नव्हे तर सळ्यांची, बिजागरीवर उघडणारी असावी. अन्यथा पावसाळ्यात पालापाचोळा अडकून पाणी पाळीवरून जाईल आणि वैतागून कोणीतरी जाळीच काढून ठेवील. पाणी आत घेणारा पाइप असल्यास त्यालाही हेच लागू. कुंपणाचे पैसे देण्याआधी पाइप पाहावा.

घरच्या मीटरवरून कुंपणात वीज कदापि सोडू नये. त्याने माणसे मरतात. विष आणि फासही नकोत, कारण पाणमांजराला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. तळ्यावर नायलॉनचे जाळे पसरल्यास त्यात ते गुरफटून मरते, म्हणून तेही टाळावे. रात्री दिवा लावून ठेवण्याचाही उपयोग नाही, पाणमांजर त्याला सरावते.

तळ्याला प्लास्टिकचे अस्तर असल्यास आत पडलेल्या प्राण्याला वर येण्यासाठी गाठींचा दोर सोडावा. जनावर आत अडकल्यास स्वतः हात न लावता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाइपाच्या दोन्ही जाळ्या पुन्हा पाहाव्यात.