आंब्याचं गार पुडिंग सेट का होत नाही? अननस, दूध आणि चायना ग्रासच्या या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात रात्री साडेदहाला मुलुंडहून भाचीचा फोन आला. “मावशी, सकाळपासून फ्रीजमध्ये आहे गं, पण अजून पाणीच आहे. आणखी जिलेटिन घालू का?” मी विचारलं, “अननस ताजा घातलास का?” घातला होता. दादरच्या मंडईतून आणलेला, छान पिकलेला, बारीक चिरून. मग ती जेली रात्रभर ठेवली असती तरी घट्ट झाली नसती, आणि जिलेटिनची आणखी दोन पाकिटं ओतली असती तरीही नाही.

गार गोड पदार्थ बिघडला की आपण फ्रीजला दोष देतो, नाहीतर सामानाला. फ्रीज फक्त गार करतो. पदार्थ घट्ट होणार की नाही, फुटणार की नाही, कडू लागणार की नाही, हे सगळं गॅसवरच्या पातेल्यात आधीच ठरलेलं असतं. म्हणून हा लेख मुख्यतः त्या पहिल्या पंधरा मिनिटांबद्दल आहे.

ताजा अननस आणि जिलेटिन

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन हे प्रथिनच, तेही जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. ब्रोमेलेन त्याच्या साखळ्या कापत जातं आणि जेलीला धरून ठेवणारं जाळं तयारच होत नाही. पपईतलं पपेन आणि किवीतलं ऍक्टिनिडिन हेच करतं. मटण लवकर शिजावं म्हणून आपण त्यात कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावतो ना, तीच गोष्ट इथे जेलीच्या भांड्यात घडते. पपई पिकल्यावर पपेन कमी होतं, पण निर्धास्त राहण्याइतकं कमी होत नाही.

उपाय सोपा आहे. अननसाचे तुकडे थोड्या साखरेबरोबर गॅसवर ठेवा आणि चांगली उकळी आल्यावर पाच मिनिटं शिजवा. तुकडे किंचित पारदर्शक दिसू लागतात. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्यामुळे तो चालतो. फ्रीजरमध्ये गोठवलेला ताजा अननस मात्र चालत नाही, कारण थंडीने एन्झाइम मरत नाही, नुसतं मंदावतं.

दुधाचंही तसंच. न शिजवलेला अननस दूध, दही किंवा क्रीममध्ये घालून ठेवला की तासाभरात कडवट चव येते. अनेकांना वाटतं अननसच कडू निघाला. अननस गोडच असतो. ब्रोमेलेनने दुधातलं प्रथिन तोडलं की त्याचे जे बारीक तुकडे होतात ते कडू लागतात. अननसाचं रायतं किंवा फ्रूट क्रीम करायचं असेल तरी तुकडे आधी शिजवून, पूर्ण गार करूनच घाला.

मुंबईच्या मे महिन्यात चायना ग्रासच बरं

माझं मत स्पष्ट आहे: मुंबईत उन्हाळ्यात घरी पुडिंग करायचं तर चायना ग्रास वापरा. जिलेटिनची जेली पस्तीस अंशांच्या आतच सैल पडते, आणि मे महिन्यात दुपारी आपली बाहेरची खोलीच तेवढी तापलेली असते. चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, समुद्री शेवाळातून येतं. ते साधारण पस्तीस ते चाळीस अंशांवर घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. डबा घेऊन लोकलने दादरहून मुलुंडला गेलात तरी पुडिंग जागेवर राहतं. ते प्रथिन नसल्यामुळे अननस-पपईच्या एन्झाइमचा त्यावर काही परिणाम होत नाही. आणि शेजारच्या शाकाहारी घरात निःशंक वाटी पाठवता येते, हेही माझ्या दृष्टीने मोठं कारण आहे.

ही अडचण काही आपल्या एकट्याची नाही. 1881 साली जर्मनीत जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत, आणि उन्हाळ्यात ते वितळून जाई. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगर सुचवलं. त्या घरी जेली आणि पुडिंग त्यानेच करत. जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते कळलं होतं. आजही जगभरच्या प्रयोगशाळांमधल्या बशांमध्ये तेच असतं. एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातून ही गोष्ट विज्ञानात गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण चायना ग्रासचेही नियम आहेत, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

दहा ग्रॅम दोऱ्यांचं पाकीट साधारण एक लिटर मिश्रणाला पुरतं. दूध, रस, पाणी सगळं मिळून एक लिटर. पाकिटातलं सगळं अर्धा लिटरला घातलं की पुडिंग रबरासारखं होतं. पावडर वापरत असाल तर चमच्याने मोजून दोऱ्यांशी तुलना करू नका, वजन करा. एक चमचा पावडर ही मूठभर दोऱ्यांच्या तोडीची असते.

दोऱ्या कात्रीने कापून एक कप साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा. मग त्याच पाण्यात मंद आचेवर, ढवळत, पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. “विरघळलं असेल” असं मानू नका. पळी उचलून तिरकी करा आणि उजेडात बघा. पळीच्या पाठीवर काचेच्या बारीक तुकड्यांसारखे कण सरकताना दिसले तर अजून दोन-तीन मिनिटं लागतील. पाणी आटलं तर थोडं गरम पाणी घाला. शेवटी गाळणीतून गाळून घ्या. हे उकळणं साध्या पाण्यातच करा, लिंबाच्या किंवा आंबट फळाच्या रसात नको. आंबटपणा आणि उकळी एकत्र आली की अगरची पकड जाते.

आता सगळ्यात नाजूक टप्पा. दुसऱ्या गॅसवर दूध आणि साखर गरम करत ठेवलेलं असावं. उकळतं चायना ग्रास गरम दुधातच ओतायचं. फ्रीजमधल्या गार दुधात ओतलं तर ओतता ओतताच त्याचे शेवयांसारखे धागे होतात आणि मग कितीही घुसळलं तरी ते तोंडात लागतातच. आंब्याच्या रसाचंही तेच. रस तासभर आधी फ्रीजबाहेर काढून ठेवा. पण उकळत्या दुधात रस घातला तर आंब्याच्या आंबटपणाने दूध फुटतं. म्हणजे मधली वेळ साधायची: गॅस बंद करून पातेलं पाच-सात मिनिटं ठेवा, वाफांचा जोर ओसरू द्या, पातेल्याला हात लावला तर चटका बसावा पण मिश्रण अगदी पातळ असावं. तेव्हा रस घाला, भराभर ढवळा आणि लगेच वाट्यांत ओता. इथे फोन घेऊ नका. कडेला साय धरल्यासारखा थर दिसू लागला की मिश्रण पातेल्यातच घट्ट होऊ लागलंय.

आंबा आधी चाखा

हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी आत साका निघू शकतो. कोयीजवळचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट असतो. तो वरून ओळखता येत नाही, दुकानदारालाही नाही. म्हणून प्रत्येक आंब्याचा रस आधी वेगळ्या वाटीत काढा, चाखा आणि मगच मोठ्या भांड्यात घाला. एका वर्षी मी सहा आंब्यांचा रस एकत्र काढला, त्यातल्या एका साक्याने सगळ्या रसाला उग्र वास आला आणि पाहुणे यायला दोन तास राहिले होते. तेव्हापासून वाटी वेगळी.

रसाची चव बिघडण्याचं दुसरं कारण म्हणजे देठाजवळचा चीक. माझी आजी आंबे खाण्याआधी तासभर पाण्यात टाकायची आणि देठ कापून पहिले दोन थेंब पिळून टाकायची. ते अजून करते मी. कच्चट आंबा फ्रीजमध्ये पिकत नाही, उलट साल काळी पडते आणि चव मरते. पिकेपर्यंत तो पेंढ्यात किंवा कागदातच ठेवा.

पायरीचा रस चवीला सुंदर, पण त्यात धागे असतात. मिक्सरमधून काढून भागत नाही, चाळणीतून गाळा. मिक्सरही पंधरा-वीस सेकंदांच्या वर फिरवू नका. फेस होतो आणि तोच पुडिंगच्या वर भोकाभोकांचा थर होऊन बसतो. डब्यातला रस वापरत असाल तर त्यात बहुतेक वेळा आधीच साखर असते, डब्यावर वाचा आणि दुधातली साखर तेवढी कमी करा.

गोडाबद्दल एक मात्र लक्षात असू द्या: गार पदार्थात गोडी कमी लागते. गरम मिश्रण जिभेला बरोबर गोड वाटलं तर गार झाल्यावर ते फिकं लागणार. थोडंसं जास्त गोड ठेवा आणि चिमूटभर मीठ घाला.

क्रीम, कस्टर्ड आणि सीताफळ

टेट्रा पॅकमधल्या साध्या फ्रेश क्रीमवर 25 टक्के फॅट लिहिलेलं असतं. ते फेटून उभं राहत नाही, कितीही वेळ फेटा. त्यासाठी 30 टक्क्यांच्या वरचं व्हिपिंग क्रीम लागतं. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला केकच्या सामानाच्या दुकानांत ते सहज मिळतं. भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि भांड्याखाली बर्फाचं पाणी घ्या. आपल्या स्वयंपाकघरातल्या उकाड्यात याशिवाय क्रीमचं लोणी व्हायला वेळ लागत नाही.

कस्टर्ड आधी घट्ट होतं आणि फ्रीजमधून काढल्यावर पातळ निघतं, ही तक्रार मी फार ऐकते. एक कारण फळांना सुटलेलं पाणी. साखर लागली की कलिंगड, संत्रं, द्राक्षं पाणी सोडतातच, म्हणून फळं वाढतानाच घाला. दुसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही: चव बघितलेला चमचा परत भांड्यात घालणं. लाळेत स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं, आणि कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर. उष्ट्याचा जो नियम घरातली मोठी माणसं पाळायला लावतात, त्याचा इथे असा फायदा होतो. पावडर गार दुधात कालवून घातल्यावर एक-दोन मिनिटं खदखदू द्या, नाहीतर कच्ची चव राहते.

सीताफळाचा गर कधीही उकळू नका. गरम केला की कडवट होतो. बासुंदी असो वा क्रीम, पूर्ण गार झाल्यावरच तो मिसळा.

फ्रीजमध्ये ठेवताना

गरम वाटी झाकून ठेवली की झाकणाला धरलेली वाफ थेंबाथेंबाने पुडिंगवर पडते. आधी वाफ जाऊ द्या, मग झाका. पण झाकाच. फ्रीजमध्ये बोंबील किंवा चिरलेला कांदा असेल तर दुधाचा पदार्थ तो वास तासाभरात ओढून घेतो. उन्हाळ्यात तयार पुडिंग तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका आणि दोन दिवसांत संपवा; त्यानंतर त्याला पाणी सुटू लागतं. फ्रीजरमध्ये तर मुळीच नको. गोठून वितळलं की अगर स्पंजासारखं पाणी सोडून देतं. चायना ग्रासच्या दोऱ्या पारंपरिक पद्धतीने करतात त्या अशाच, जेली गोठवून, वितळवून, पाणी काढून.

तरीही बिघडलंच तर टाकून देऊ नका. फार घट्ट झालं असेल तर पाव कप गार दूध घालून मिक्सरमधून काढा. मऊ, दाटसर होतं आणि ग्लासात घालून वर आंब्याच्या फोडी ठेवल्या की कुणालाही ते मुद्दाम तसंच केलेलं वाटतं. सेट झालंच नसेल तर थोडं चायना ग्रास वेगळं पाण्यात उकळून घ्या, मिश्रण कोमट करून त्यात घाला आणि पुन्हा ओता. भाचीच्या जेलीत मात्र दुसऱ्या दिवशी सोडा आणि बर्फ घालून आम्ही ती प्यायलो, आणि नवा अननस शिजवून, चायना ग्रास घालून पुन्हा लावली.

ती साच्यातून काढताना तिने ताट कोरडं घेतलं होतं. ताटावर आधी पाण्याचा हात फिरवा. साचा कोमट पाण्यात पाच सेकंद धरा, कडेने बोटाने सोडवा आणि उलटा करा. ताट ओलं असेल तर पुडिंग कडेला पडलं तरी हलकेच मधोमध सरकवता येतं. कोरड्या ताटावर ते जिथे पडतं तिथेच चिकटतं आणि ओढलं की तुटतं.