घरमालक दुरुस्ती टाळतोय? किराया थांबवू नका, नोटीस द्या

छत गळतं हे जूनमध्ये कळतं आणि घरमालक सांगतो, "आता पाऊस उघडू द्या." त्याचं बोलणं अगदीच खोटं नसतं, ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग नीट धरत नाही. म्हणून नागपुरात गच्चीचं काम एप्रिल-मेमध्येच मागावं. कडक ऊन असतं, स्लॅब कोरडा असतो, सबब उरत नाही.

आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा. पाऊस नसतानाही भिंत ओली राहत असेल तर दोष बहुधा गच्चीचा नाही, वरच्या बाथरूमचा किंवा पाइपचा आहे. सगळे नळ बंद करूनही पाण्याचं मीटर फिरत असेल तर मीटरपुढची लाइन गळतेय. ओल्या भिंतीला करंट लागत असेल तर मेन स्विच पाडा आणि त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवा, तिथे नोटिशीची वाट पाहायची नसते.

आता कागद. फोनवरचं "करतो ना भाऊ" पुरावा होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे, पण करारात वेगळं ठरलं नसेल तरच. त्यामुळे "दुरुस्ती भाडेकरूकडे" असं वाक्य आहे का, ते आधी बघा. नसेल तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस पोचपावतीसह पोस्टाने पाठवा: घराचा पत्ता, बिघाड, तो पहिल्यांदा कधी सांगितला, तारखेसह फोटो, आणि मुदतीत काम झालं नाही तर स्वतः करून खर्च किरायातून वळता करू, हे स्पष्ट वाक्य. १५ दिवस ही कमीत कमी मुदत आहे. मोठ्या कामाला त्यानंतरही वाजवी वेळ द्यावा लागतो, सोळाव्या दिवशी गच्ची फोडायला घेऊ नका.

सगळ्यात जास्त चुका पैशात होतात. वर्षभरात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. महिना ८,००० रुपये असेल तर वर्षाचे ९६,०००, म्हणजे मर्यादा २४,०००. चार किरायेदारांनी मिळून काम केलं तर वाटा ज्याच्या-त्याच्या किरायाच्या प्रमाणात. दोन-तीन कारागिरांकडून अंदाज लेखी घ्या, सिमेंटच्या पोत्यापासून मजुरीपर्यंत प्रत्येक पावती जपा. खर्चाचा निर्णायक पुरावा म्हणून कायदा तुमचा हिशेब आणि पावत्याच मानतो. उरलेला किराया मात्र दर महिन्याला बँकेतूनच द्या. रागाने सगळाच थांबवला की थकबाकीचं कारण मालकाच्या हाती आयतं लागतं.

एक मोठी मेख आहे. हल्ली बहुतेक घरं ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर असतात, म्हणजे भाडेकरूचा हक्क नाही, फक्त राहण्याची परवानगी देणारा करार. कलम १४ भाडेकरूसाठी आहे, लायसन्सधारकाने त्याच्या भरवशावर पैसे कापणं धोक्याचं. अशा वेळी कापण्याआधी मालकाची लेखी संमती घ्या, व्हॉट्सॲपवरचा "हो" सुद्धा काही नसण्यापेक्षा बरा. नव्या करारात तर दुरुस्ती कोणाची आणि किती दिवसांत, हे आधीच लिहून घ्या.

नोटीस मिळाल्यावर चिडून मालकाने भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडली तर ते कलम २९ चं प्रकरण होतं आणि जोडणी परत मिळवायला न्यायालयात अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन मोफत मदतीसाठी आपण पात्र आहोत का ते विचारा. जाताना करार, नोटीस आणि पोचपावती सोबत न्या.