थंडीत कोंबडीची पिल्लं आणताय? पहिल्या सात रात्री जपा

मावळ-मुळशीत इंद्रायणी भाताची झोडणी उरकली, भाताच्या गिरण्यांमागे तुसाचे ढीग लागले की आपल्या पुणे जिल्ह्यात घरोघरी पिल्लांचा विषय निघतो. हिशोब बरोबरच आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला आणलेली गिरिराज, वनराज किंवा कावेरी जातीची पिल्लं धुळवडीच्या सुमाराला तीन महिन्यांची होतात आणि चैत्रातल्या जत्रांना नर विक्रीला तयार असतात. पण नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, आणि एक दिवसाच्या पिल्लाला पाठीशी 35 अंशांची ऊब लागते. मधल्या 25 अंशांची जबाबदारी आपली.

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. अंगातली ऊब धरून ठेवणं त्याला पहिले दोन-तीन आठवडे जमत नाही. पोटात बलकाचा थोडा साठा असतो, त्यावर ते दोन दिवस खाण्यापिण्यावाचून तग धरतं, म्हणून तर प्रवास सोसतं. थंडी मात्र सोसत नाही.

खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून किंवा दुसऱ्या हॅचरीतून पिल्लं आणणार असाल, तर सकाळी लवकर उचला आणि दुपारी दोनच्या आत घरी पोचा. संध्याकाळी मोटरसायकलवर, वाऱ्याच्या तोंडावर खोकं धरून आणलेली पिल्लं पुढचे चार दिवस सुस्त राहतात, मी स्वतः पाहिलंय. शंभराच्या खोक्यात पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे असतात, ते मोडून सगळी एकत्र करू नका. मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस दिली आहे का, हे तिथेच विचारून घ्या, ती हॅचरीतच पहिल्या दिवशी द्यायची असते.

जागा आदल्या दिवशीच तयार हवी. शंभर पिल्लांना सहा फूट व्यासाचं गोल रिंगण पुरतं. पत्रा, पुठ्ठा, जुनं सनमायका, काहीही चालेल, उंची दीड फूट. रिंगण गोलच करा, एवढं माझं ऐका. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी फळ्यांचा चौकोनी खोका केला होता. पहाटे साडेतीनला लाईट गेली, मला जाग आली सहाला. गारठलेली पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. वरची जिवंत होती, खालची सतरा चपटी झाली होती. ती थंडीनं मेली नव्हती, घुसमटून मेली होती. कोपरा नसता तर ढीग झाला नसता.

खाली तीन इंच तूस पसरा. शिरूर-बारामतीकडे तूस मिळत नसेल तर भुईमुगाची टरफलं किंवा वखारीतला लाकडाचा जाडसर भुसा घ्या, बारीक भुसा नाकात जातो. वर पहिले तीन दिवस कागद अंथरा, नाहीतर पिल्लं तूसच खातात. गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय फाकतात आणि फाकलेला पाय पुन्हा सरळ होणं अवघड. कागद रोज बदलायचा.

आता ऊब. हिवाळ्यात पिल्लामागे दोन वॅट धरा, म्हणजे शंभरांना शंभर-शंभरचे दोन पिवळे बल्ब. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. दरवर्षी कुणीतरी ही चूक करतं. बल्ब जमिनीपासून फूट-दीड फुटावर, तारेनं नीट बांधलेला हवा, वायरला लोंबकळता नको. पिल्लं येण्याआधी किमान चार तास लावून ठेवा, म्हणजे तूसही तापतं. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी, असं चौथ्या आठवड्यात 26-27 पर्यंत आणायचं. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला टांगा. भिंतीवर लावलेला उपयोगाचा नाही.

खरा थर्मामीटर मात्र पिल्लंच. बल्बखाली गर्दी करून चिरक्या आवाजात ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला जाऊन, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. एकाच बाजूला सगळी दाटली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय, हात फिरवून फट शोधा. रिंगणभर विखरून, काही खात, काही पाय पसरून झोपलेली आणि मधूनच हळू चिवचिव, असं दिसलं की सगळं जागच्या जागी आहे. तरी शंका असेल तर चार-पाच पिल्लं उचलून त्यांचे पाय आपल्या गालाला लावा. पाय कोमट लागले तर ठीक. गार लागले तर बल्ब चार बोटं खाली घ्या. आमच्या शेजारच्या काकू थर्मामीटर वापरतच नाहीत, गालच वापरतात, आणि त्यांची मरतुक माझ्यापेक्षा कमी असते.

आपल्याकडच्या डिसेंबरची अडचण अशी, की पहाटे 9 आणि दुपारी 29 अंश. रात्रीच्या भीतीनं लोक दुपारीही बल्ब तसाच ठेवतात आणि पिल्लं सुकतात. दुपारी बल्ब वर, गरज नसेल तर एक बंद. दिवस मावळायच्या आत परत खाली. सर्वांत घातक वेळ पहाटे तीन ते सहा. पहिल्या सात रात्री गजर लावून तीनला एकदा उठाच.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या उसाच्या पट्ट्यात मात्र पहाटे शेडकडे एकट्यानं जाऊ नका. बिबट्याचा धोका खरा आहे, आणि शंभर पिल्लांसाठी जीव धोक्यात घालायचा नसतो. पहिला महिना पिल्लं घराच्या पडवीत किंवा लगतच्या खोलीतच ठेवा, दाराबाहेर पाऊल न टाकता बघता येतील अशी. लाईटही घरच्या मीटरवरून घ्या, शेतातल्या मोटारीच्या लाईनवर भरवसा नको.

लाईट गेली तर? घरात इन्व्हर्टर असेल तर दोनशे वॅटचा भार तो काही तास ओढतो. नसेल तर पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये कढत पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून रिंगणात ठेवा आणि रिंगण लहान करा. पिल्लं कॅनला टेकून बसतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्या वायूला वास नसतो. पिल्लंही मरतात, माणसंही.

त्याच भीतीपोटी दुसरी चूक होते. खोली चहूबाजूंनी प्लास्टिकनं घट्ट बांधली जाते. आत ऊब राहते, पण विष्ठेचा उग्र वासही राहतो. सकाळी आत जाऊन पिल्लांच्या उंचीला खाली बसा. तुमचे डोळे चुरचुरले तर त्यांची छाती आधीच खराब व्हायला लागली आहे. पडदा गोणपाटाचा असावा, खालून बांधलेला आणि वरून वीतभर उघडा. वारा पिल्लांच्या अंगावर नको, डोक्यावरून जाऊ द्या.

आल्या आल्या आधी पाणी, नंतर दाणा. पाणी कोमट, पहिले दोन-तीन तास गुळाचं फिकट पाणी. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा बुडवून सोडा, शंभर पिल्लांना अर्धा तास लागतो, पण ज्याला पाणी सापडत नाही ते तिसऱ्या दिवशी मरतं. भांडं उथळ हवं, नाहीतर त्यात खडे टाका. मग कागदावर मक्याचा बारीक भरडा आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं स्टार्टर खाद्य, प्रथिनं 20 टक्क्यांच्या आसपास. घरच्या ज्वारीवर पहिले सहा आठवडे भागत नाही. पहिल्या रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपा. भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. कडक लागली तर पाणी कमी पडलंय. एखाद्याची मागची जागा विष्ठेनं चिकटून बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या कापसानं अलगद भिजवून काढा, ओढू नका.

लसींचं थोडक्यात: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब, मानमोडीसाठी. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस पंखात. लस दुकानापासून घरापर्यंत बर्फातच आणायची आणि उघडल्यावर दोन तासांत संपवायची. बाटलीत बहुतेक वेळा शंभराहून जास्त डोस असतात, तेव्हा वाडीतल्या चार घरांनी एकाच दिवशी पिल्लं आणली तर लस वायाही जात नाही आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना एकदाच बोलावता येतं.

तिसऱ्या आठवड्यापासून तुसाकडे लक्ष. पाण्याच्या भांड्याभोवती ओल धरली की रक्ती हगवण येते. रोज तूस हलवा, ओलं झालेलं काढून कोरडं टाका. मूठभर तूस दाबून पाहा, गोळा झाला तर ओल जास्त आहे. विष्ठेत रक्त दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, घरगुती काढ्यांत दोन दिवस घालवू नका.

सहाव्या आठवड्यात पंख भरले की ऊन चढल्यावर, साडेदहा-अकराला अंगणात सोडायला लागा. पहिल्या दिवशी दोन तास, मग वाढवत जा. मुंगूस आणि घार दोन्हींवर नजर हवी, म्हणून पहिले काही दिवस वरून जाळी टाका. साडेपाचला, अंधार पडायच्या आत, मोजूनच आत घ्या.