इंटरसेप्शन मिळत नाहीत? मग आधी या चुका बंद करा

दर शनिवारी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या आईबापांची एकच आरोळी असते: "अरे, पकड ना तो!" तोवर चेंडू पोराच्या हाताला लागून गवतात पडलेला असतो, नाहीतर पोरगं त्याच्यापासून चार हात लांब असतं. आणि ओरडणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी मलाच विचारत होते, "याला फुटबॉल का म्हणतात हो, सगळं तर हाताने चाललंय."

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या फ्लॅग फुटबॉल संघाचा डिफेन्स मी सांभाळतो. फ्लॅग फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, फक्त गड्याला पाडायचं नाही, त्याच्या कमरेची पट्टी (फ्लॅग) ओढायची. पगार नाही, शिट्टीसुद्धा स्वतःच्या पैशाची. समोरच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, आपल्या गड्याकडे फेकलेला चेंडू मधल्यामध्ये झेलायचा, एवढंच इंटरसेप्शन. पण दर मोसमात नवी पोरं आणि नवे आईबाप येतात आणि त्याच त्या चुका नव्याने सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे इंटरसेप्शन मागच्या फळीत शोधणं. कॉर्नरबॅक (कडेचा रक्षक) ढिला आहे, सेफ्टी (सगळ्यात मागचा रक्षक) झोपलाय, त्याला बदला. आमच्या गल्लीतलंच उदाहरण देतो. २०१८ च्या मोसमात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी १६ सामन्यांत मिळून फक्त २ इंटरसेप्शन केली. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, इतिहासात तोवर एका मोसमात याहून कमी कोणीच केली नव्हती. संघात रिचर्ड शर्मन होता, २०१३ मध्ये ८ इंटरसेप्शन करून लीगमध्ये पहिला आलेला. आता शर्मनला चेंडू झेलता येत नाही, असं कोण म्हणेल? पुढच्या वर्षी तोच शर्मन, तोच डिफेन्सचा कोच रॉबर्ट साले, आणि इंटरसेप्शन १२. मोठा बदल झाला होता तो पुढच्या फळीत. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर निक बोसा आला, कॅन्सस सिटीहून डी फोर्ड आला, सॅक (चेंडू फेकायच्या आतच क्वार्टरबॅकला पाडणं) ३७ वरून ४८ वर गेले आणि संघ थेट सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात.

कारण साधं आहे. क्वार्टरबॅकला निवांत वेळ मिळाला की तो पाय रोवतो, तीन-तीन गडी बघतो आणि मोकळ्या गड्याच्या छातीवर चेंडू ठेवतो. असा चेंडू मध्ये कोण घुसून पकडणार? अंगावर कुणीतरी धावून येतंय म्हटल्यावरच त्याचा मागचा पाय हवेत जातो, चेंडू तरंगत येतो आणि तुमच्या पोराला धावत जायला वेळ मिळतो.

आमच्या लीगमध्ये रशर, म्हणजे क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून जाणारा गडी, सात यार्ड मागून निघतो आणि क्वार्टरबॅककडे सात सेकंद असतात. बहुतेक कोच रशर म्हणून संघातलं सगळ्यात संथ पोरगं उभं करतात, म्हणजे "तो कुठे तरी कामाला येईल". मी उलट करतो. सगळ्यात वेगवान पोरगं रशर. त्याच्या आईला वाटतं मी त्याला डावललंय, कारण रशरच्या नावावर इंटरसेप्शन लागत नाही. पण दुसऱ्याच्या नावावर लागतं ते याच्यामुळेच. फ्लॅग ओढता नाही आला तरी चालेल, दोन्ही हात वर करून क्वार्टरबॅकच्या डोळ्यांसमोर ये, एवढंच मी त्याला सांगतो.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. ही हावरेपणाची चूक.

चार-पाच मोसमांपूर्वी आमच्या संघाला पहिल्या तीन सामन्यांत एकही इंटरसेप्शन मिळालं नव्हतं. मी वैतागून जाहीर करून टाकलं की प्रत्येक इंटरसेप्शनमागे एक पिझ्झा माझ्याकडून. पुढच्या सामन्यात आमच्या डाव्या कॉर्नरने दोन पकडले. दोन्ही वेळा समोरचा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा गडी, पाच यार्ड धावून बाजूच्या रेषेकडे वळला, म्हणजे साधा आउट रूट, आणि हा पठ्ठ्या क्वार्टरबॅकचा हात वर जाताच पुढे झेपावला. मी टाळ्या वाजवल्या, पिझ्झे आणले, फोटो काढले. सेमीफायनलमध्ये समोर जो कोच होता तो त्या पिझ्झ्याच्या सामन्याला कुंपणाशी उभा राहून कॉफी पीत होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सेमीफायनलच्या तिसऱ्याच प्लेला त्यांचा रिसीव्हर पाच यार्ड धावला, बाजूला वळला, क्वार्टरबॅकने खांदा हलवून फेकल्यासारखं केलं. आमचा कॉर्नर उडाला. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातच होता. रिसीव्हर वळला तसाच सरळ वर निघाला, त्याच्या मागे पंचवीस यार्ड मोकळं मैदान. टचडाउन, म्हणजे त्यांना गुण. मी ओरडून सांगितलं, "मागे राहा!" मान डोलावली त्याने. मध्यंतरानंतर पुन्हा तेच, त्याच बाजूला, आणि या वेळी मदतीला मागे राहायचा तो सेफ्टीही पिझ्झ्याच्या आशेने पुढे पळाला. दोन टचडाउन, सामना गेला.

परत जाताना कॉर्नर म्हणाला, "कोचकाका, तो फेकणारच होता, मला माहीत होतं." त्याला काहीच माहीत नव्हतं, त्याला फक्त पिझ्झा माहीत होता, आणि तो त्याच्या डोक्यात मी घातला होता.

लहानपणी कबड्डी बघितली असेल तर हे लगेच कळेल. चढाई करणारा आत आला की चांगला कोपरारक्षक शांत उभा राहतो. पाय पूर्ण टाकला, वजन पडलं, की मग पकड. कच्चा गडी हुलकावणीलाच सूर मारतो आणि गुण देऊन बसतो. ‘पंप फेक’, म्हणजे चेंडू फेकल्याचं नाटक, ही क्वार्टरबॅकची हुलकावणीच.

मोठ्यांच्या खेळातही हा व्यवहार चुकत नाही. २०२१ मध्ये डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्सने ११ इंटरसेप्शन केली. १९८१ नंतर एका मोसमात तेवढी कुणी केली नव्हती. पण झेप हुकली की किती यार्ड जातात, तेही त्याने त्याच मोसमात भरपूर दाखवलं. डॅलसला ते परवडलं, त्याच्यामागे सेफ्टी होते आणि पुढे मायका पार्सन्स क्वार्टरबॅकच्या मागे लागलेला होता. तुमच्या बारा वर्षांच्या पोरामागे कोण आहे?

यावर एखादे बाबा हमखास माल्कम बटलरचं नाव काढतात. १ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल संपायला अर्धं मिनिटही नाही, सिअ‍ॅटल टचडाउनपासून एका यार्डावर, आणि न्यू इंग्लंडचा हा ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला नवखा कॉर्नर झेप घेऊन सामना फिरवतो. "मग तो उडालाच की!" उडाला, पण आदल्या आठवड्यात सरावात त्याच रचनेवर तो उशिरा पोचला होता आणि त्याच्या अंगावर टचडाउन झालं होतं. सामन्यात दोन रिसीव्हर एकामागे एक उभे दिसले तेव्हा त्याला प्ले ओळखू आला. शिवाय पुढच्या रिसीव्हरला ब्रँडन ब्राउनरने जागेवरच अडवून धरलं, म्हणून बटलरची वाट मोकळी झाली. त्या एका उडीमागे सराव होता, ओळख होती आणि दुसऱ्याची मेहनत होती. ‘मला वाटलं’ म्हणून मारलेली उडी नव्हती ती.

माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही. कॉर्नरला मी सांगतो की पहिले दोन पास पकडू दे त्याला, तू फक्त लगेच फ्लॅग ओढ. रिसीव्हरची कंबर कुठे वळते ते बघ, खांदे खोटं बोलतात. तिसऱ्या वेळी तोच रूट आला तर तुला आपोआप कळेल. नव्या पोरांना हे अजिबात पटत नाही. त्यांना पहिल्याच शनिवारी हायलाइट रील हवी असते. आईबापांना त्याहून आधी.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. सारखं मॅन कव्हरेज खेळायचं आणि इंटरसेप्शन येत नाहीत म्हणून रडायचं, हे मला कळत नाही. मॅनमध्ये पोरगं आपल्या गड्याच्या मागे पळत असतं, पाठ क्वार्टरबॅककडे. चेंडू कुठून येतोय ते त्याला रिसीव्हरने हात वर केल्यावरच कळतं. झोनमध्ये गड्याऐवजी प्रत्येकाने आपली जागा राखायची, म्हणून तोंड क्वार्टरबॅककडे असतं, चार पोरांचे आठ डोळे चेंडूवर, आणि हाताला लागून उडालेला चेंडूही कुणाच्या तरी पदरात पडतो. २००२ च्या टँपा बे बक्कनीर्सची ३१ इंटरसेप्शन मुख्यतः अशा झोनमधून आली. सुपर बोलमध्ये त्यांनी समोरचा क्वार्टरबॅक रिच गॅनन, म्हणजे त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी), याचे ५ पास पकडले आणि त्यातल्या ३ चेंडूंवर टचडाउन केले. चार गडी पुढून दाब द्यायला पुरे पडत होते, म्हणून बाकीचे सात मागे डोळे उघडे ठेवून उभे राहू शकले. म्हणजे फिरून गाडी रशरपाशीच आली.

पण झोन म्हणजे जागेवर खांबासारखं उभं राहणं नव्हे. माझ्याकडे एक पोरगं होतं, नेमून दिलेल्या चौकोनात पूर्ण सामना पहारा देत उभं राहायचं. चेंडू दोन यार्डांवरून जायचा, हा बघायचा. "तो माझ्या झोनमध्ये नव्हता, काका." क्वार्टरबॅकचे डोळे जिकडे, तिकडे दोन पावलं सरकायचं, हे त्याला शिकवायला मला अर्धा मोसम लागला.

हात. डिफेन्सच्या पोरांना चेंडू झेलायचा सराव कोणी देत नाही, हे उघड गुपित आहे. ऑफेन्सवाले तासभर झेलत असतात आणि आमची पोरं उलटं पळायचे व्यायाम करत असतात. मग सामन्यात चेंडू छातीवर आदळतो आणि उडून जातो. मी सरावाच्या शेवटी प्रत्येकाला वीस चेंडू देतो, दमलेल्या पायांवर, धावत येताना. पहिले दहा टेनिसचे, कारण तो छातीशी कवटाळता येत नाही, बोटांनीच पकडावा लागतो. छातीच्या वरचा चेंडू असेल तर अंगठे जवळ, खालचा असेल तर करंगळ्या जवळ. क्रिकेट खेळलेल्या पोरांचे हात मऊ असतात, पण चेंडू पोटाशी येईपर्यंत ती वाट बघतात, आणि तेवढ्यात रिसीव्हर पुढून हात घालतो. पुढे जाऊन घ्यायचा. 

बाकीच्या चुका पटापट. चौथ्या डाउनला, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या प्रयत्नाला, चेंडू पकडू नका, खाली पाडा. बहुतेक वेळा त्यात जास्त मैदान मिळतं. आणि पकडलाच, आघाडी तुमची आहे आणि वेळ संपत आलीय, तर पळू नका, खाली बसा. जानेवारी २००७ मध्ये सॅन डिएगोच्या मार्लन मॅक्रीने चौथ्या डाउनला न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा चेंडू पकडला, घेऊन पळाला, ट्रॉय ब्राउनने तो हातातून काढला, चेंडू परत न्यू इंग्लंडकडे आणि सामना २४-२१ ने त्यांचाच.

‘माझा!’ असं ओरडायला शिकवा. दोन पोरं एकमेकांवर आदळून सुटलेले चेंडू मी मोजणं सोडून दिलंय.

रिसीव्हरला हाताने धरून ठेवू नका. १९७८ पासून एनएफएलमध्ये पाच यार्डांपुढे त्याला हाताने अडवणंही चालत नाही, आणि तेव्हाच्या मानाने आता इंटरसेप्शन निम्म्याहून कमी झाली आहेत: पूर्वी शंभर पासमागे पाचाच्या वर, आता दोनाच्या आसपास. म्हणून ‘नाइट ट्रेन’ लेनने १९५२ मध्ये १२ सामन्यांत १४ केली होती, हा दाखला देऊन पोराला बोलणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. शिवाय समोरचा चांगला असेल तर हात रिकामेच राहतात. फोर्टीनाइनर्सच्या त्याच २०१८ मध्ये अ‍ॅरन रॉजर्स या क्वार्टरबॅकने ५९७ पास फेकले आणि त्यातले दोनच समोरच्यांच्या हातात दिले.

पिझ्झा अजून चालू आहे, पण आता तो रशरला मिळतो, क्वार्टरबॅकने घाईत चेंडू फेकला की. मागच्या आठवड्यात रशरच्या आईने विचारलं की याला सेफ्टीला कधी घेणार. मी काही बोलायच्या आत पोरगंच म्हणालं, "आई, नको ना, तिकडे काही मिळत नाही."